काच कापण्याआधीचा कागद

रंगीत काचेच्या आणि लाकडी जाळीच्या खिडक्या करण्यात माझी हयात गेली. इंदुरीत आमची छोटी कार्यशाळा आहे. एका अंगाला इंद्रायणी, समोर भंडारा डोंगर आणि मधून धावणारा तळेगाव-चाकण रस्ता. पुरी झालेली खिडकी बघायला लोक येतात, फोटो काढतात, मनापासून वाखाणतात. मला मात्र त्या खिडकीआधीचा पेन्सिलीचा कागद जास्त जवळचा वाटतो, आणि तो कुणी धड बघत नाही याचं वाईट वाटतं. गाण्याला किंवा स्वयंपाकाला दाद कशी द्यायची हे आपण घरातच शिकतो. कच्च्या आराखड्याकडे कसं बघावं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हे अनुभवाचे बोल लिहिते आहे. यातले बरेचसे एकाच कागदाभोवती फिरतात. गावातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या नव्या घरात, जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी होती. तिच्यासाठी आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं भाताच्या लोंब्यांचा आराखडा केला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

१. कागद हातात धरून बघू नका, भिंतीला टाचून लांब जा.

खिडकी आपण लांबून बघतो, उजेडाकडे तोंड करून. हातात धरलेल्या कागदावर नजर बारकाव्यांत अडकते. चार-पाच पावलं मागे सरकून डोळे किलकिले केले, की बारीक रेघा विरून जातात आणि गडद-फिक्याचे मोठे पुंजके तेवढे उरतात. ते पुंजके आपापल्या जागी बसले असतील तर निम्मं काम झालं असं समजा. त्या मुलीच्या कागदावर खाली गच्च भात आणि वर मोकळं आभाळ होतं. जिना चढणाऱ्याची नजर खालून वर जाते, हे तिनं पेन्सिल टेकवण्याआधीच हेरलेलं होतं.

२. रेघांची जाडी वाचायला शिका.

माझ्या मते आराखड्याची खरी गंमत इथंच आहे. रंगीत काचेच्या खिडकीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, एका खाचेत एक काच बसते, दुसरीत शेजारची. सांधे झाळून पक्के करतात. दिवसा घरात उभं राहून पाहिलं की हे शिसं काळं दिसतं, म्हणजे खिडकीतली प्रत्येक जाड काळी रेघ हा एक सांधा असतो. पेन्सिलीच्या आराखड्यात जाड रेघ दिसली की तिथं शिसं येणार आणि बारीक रेघ दिसली की तिथं काचेवर रंगानं काम होणार, असा आमच्याकडचा संकेत. तो रंग काचेची पूड आणि धातूंची ऑक्साइडं यांचा असतो. तो भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर भाजला की काचेशी एकजीव होतो.

आता काचेचा स्वभाव बघा. कटर काच कापत नाही, तिच्यावर नुसता ओरखडा काढतो आणि काच त्या ओरखड्यावरून तुटते. आत वळलेला काटकोन तिला मानवत नाही, कोपऱ्यातून तडा पुढे पळतो. लांब, निमुळतं टोकही टिकत नाही, कापतानाच मोडतं. त्यामुळे कागदावर जे सहज काढता येतं त्यातलं बरंच काही काचेत होतच नाही. भाताची लोंबी आणि पातं ही तर या कामातली अवघड जात. सगळं अरुंद, सगळं टोकदार, आणि वरून झुकलेलं.

त्या मुलीनं काय केलं होतं? भाताच्या काड्या म्हणून तिनं जाड रेघाच वर नेल्या होत्या. म्हणजे चित्रातली काडी आणि काच धरून ठेवणारं शिसं एकच. काड्यांमधली फट म्हणजे काचेचा तुकडा, आणि तो कुठंही बोटाच्या रुंदीपेक्षा अरुंद नव्हता. दाणे तिनं बारीक रेघेनं काढले होते, अर्थात ते रंगवून भाजायचे. पातं जिथं तीव्र वळत होतं, तिथल्या कोपऱ्यातून एक जाड रेघ सरळ शेजारच्या पात्याकडे गेली होती, आणि बघणाऱ्याला ती आणखी एक पातंच वाटत होती. हे बघून मी तिला तिथल्या तिथं मिठी मारली होती. काच समोर नसताना हातानं काचेचा विचार केला होता.

३. अर्धं चित्र म्हणजे अपुरं चित्र नाही.

महिरपीच्या खिडकीचा आराखडा बहुतेक वेळा अर्धाच असतो. मधली उभी रेघ, तिच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला कोरा कागद. कागद त्या रेघेवर दुमडून उरलेली बाजू छापून घ्यायची असते. गिऱ्हाईक बिचकतं, ‘अजून व्हायचंय का?’ विचारतं. माझं सांगणं असं, की त्या अर्ध्या महिरपीवरून नजर हळूहळू फिरवा आणि वळण कुठं बदलतं ते शोधा. टोकदार कमान दोन केंद्रांवरून काढलेल्या दोन कंसांची बनते. कंपासाचं टोक जिथं टेकलं तिथं कागदाला बारीक भोक असतं. ते भोक सापडलं की काढणाऱ्याची सगळी मांडणी उलगडते. शिकायला येणाऱ्यांना मी आधी गावातल्या गढीवर पाठवते. सेनापती दाभाड्यांच्या या गढीचा दरवाजा आणि बुरूज अजून उभे आहेत, आत कडजाईचं देऊळ आहे. त्या दरवाजासमोर बसून कमान नुसत्या हातानं काढून बघा, म्हणजे कंपासाच्या भोकाची किंमत कळेल.

४. खोडरबराच्या खुणा चित्राचा भाग धरा.

पेन्सिल खोडली तरी कागदावर तिची खाच राहते. कागद उजेडात तिरका धरला की जुनी रेघ दिसते. या कागदावर वरच्या आभाळात आधी बगळे होते. तीन, मग एक, मग एकही नाही. तिनं सांगितलं नव्हतं, मी खाचांवरून ओळखलं. बगळे गेले म्हणून आभाळाला जागा मिळाली आणि लोंब्यांचं वजन खाली बसलं. चित्रात काय काढलं इतकंच, काय काढून टाकलं यालाही दाद द्यायला हवी, आणि ती फक्त याच टप्प्यावर देता येते. काचेत त्या बगळ्यांचा मागमूस राहत नाही.

५. समासातला मजकूर सोडू नका.

आराखड्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मापाचं प्रमाण एकास दहा. चौकटीची रुंदी, उंची आणि दोन्ही तिरकस मापं. ही तिरकस मापं सारखी आली तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, नाही आली तर नाही. गावाकडच्या बांधकामात ती क्वचितच सारखी येतात, म्हणून ज्या कागदावर ती लिहिलेली दिसतात त्या हाताबद्दल मला आपोआप आदर वाटतो.

त्या कागदावर डाव्या समासात एक बाण होता आणि त्याच्याशी एकच शब्द, ‘पाऊस’. खिडकी पश्चिमेला होती. मावळात हे विसरून चालत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत इंदुरीपर्यंत येताना तो खूप कमी होतो, पण येतो पश्चिमेकडूनच आणि वाऱ्यासकट येतो. शिसं मऊ असतं. मोठ्या खिडकीवर वारा आदळत राहिला की ती पोट काढते, मग काचा सैल होतात आणि पाणी आत झिरपतं. म्हणून ठरावीक अंतरावर आडव्या लोखंडी सळ्या लावून शिसं त्यांना बांधतात. या सळ्या कित्येक जण चित्र पुरं झाल्यावर आठवल्यासारख्या टाकतात आणि त्या ऐन चेहऱ्यावरून जातात. इथं त्या आधीच आखलेल्या होत्या. सर्वांत खालची सळी शेताच्या बांधावरून, मधली लोंब्यांच्या बरोबर वरून आणि वरची डोंगराच्या ओळीवरून गेली होती. तो डोंगर भंडाराच आहे, हे घरच्यांनी लगेच ओळखलं.

६. रंग नाहीत म्हणून हळहळू नका.

पेन्सिलीच्या आराखड्यात रंगांच्या जागी आकडे किंवा अक्षरं असतात. हि, पि, नि १, नि २. बघणाऱ्याला ते कोरडं वाटतं. पण रंग लावलेल्या चित्रावर माणूस रंगाला भुलतो आणि उजेड किती, अंधार किती हे बघायचं राहून जातं. काचेच्या कामात मुख्य प्रश्न उजेडाचाच. निळी काच लांबून पसरते, शेजारच्या फिक्या रंगावर चढते, म्हणून निळ्याच्या भोवतीचं शिसं जरा रुंद ठेवावं लागतं. चांगल्या कागदावर हे पेन्सिलीच्या दाबातून कळतं.

काचेविषयी आमच्या भागाला जुनी आस्था आहे. शेजारच्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याचं काम बघायला आले. पैशा-पैशानं उभ्या राहिलेल्या काचेच्या गावाशेजारी बसून काम करताना एक तुकडासुद्धा वाया घालवू नये असं मला वाटतं, आणि वाया जाणारी काच वाचते ती पेन्सिलीच्या कागदावर.

७. नजर तयार करायची तर बेडसं, कार्ला, भाजे इथली लेणी बघा, आणि वही घेऊन जा.

सजावटीच्या खिडकीचा अभ्यास करायला मावळासारखी जागा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची चैत्यगवाक्षं इथं डोंगराडोंगरांत आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की त्या मोठ्या नालाकृती गवाक्षातून ऊन आत स्तूपाकडे येतं. छताला लाकडाच्या कमानी फासळ्या अजून आहेत. बेडशाचं तोंड पूर्वेला, तिथं सकाळी जावं. व्हरांड्याच्या भिंतींवर छोट्या गवाक्षांच्या आणि वेदिकापट्ट्यांच्या, म्हणजे कठड्यासारख्या नक्षीच्या, रांगाच रांगा कोरल्या आहेत. त्यातल्या कितीतरी खिडक्या उजेडासाठी नाहीतच, निव्वळ शोभेच्या आहेत. कमानीखाली वाशांची टोकं बाहेर आलेली दाखवली आहेत, लाकडी बांधकामात येतात तशी. दगडाला वाशांची गरज नव्हती. लाकडात घडलेला आकार कारागिरांनी दगडात उतरवला, आणि उतरवताना प्रमाण कुठंही ढळू दिलं नाही.

तिथं फोटो काढून परतू नका. एकच छोटं गवाक्ष निवडा आणि पेन्सिलीनं काढा. बाहेरची कड आतल्या कडेला समांतर नाही, माथ्याकडे ती जाड होत जाते, हे डोळ्यांना एरवी दिसत नाही, हाताला दिसतं. एवढं केलेला माणूस पुढं कुणाचाही आराखडा बघताना उथळ बोलत नाही, हा माझा अनुभव.

८. सुताराच्या फळीलाही आराखडाच म्हणा.

जुन्या वाड्यांच्या खिडक्यांचे कागद सहसा सापडत नाहीत. पुण्यातला विश्रामबागवाडा, त्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू, सुरूच्या आकाराचे खांब बघताना किंवा राजा दिनकर केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे-खिडक्या बघताना मला नेहमी प्रश्न पडतो, की यांची पहिली रेघ कुठं मारली असेल? आमच्याकडचे सुतारकाका आजही पूर्ण मापाची जाळी फळीवरच आखतात. आधी दोरी मारून मधली रेघ, मग कानावरची पेन्सिल. एक चौकोन नीट काढायचा, बाकीचे नुसत्या खुणांनी. त्या खुणा बघण्यासारख्या असतात. कुठून कोरायला सुरुवात करायची, कुठं पटाशी थांबवायची, रेषांमधली कुठली जागा उडवायची आणि कुठली ठेवायची, सगळं त्यात असतं. उडवायच्या जागी ते फुली मारतात. काम झालं की तीच फळी रंधून दुसऱ्या कामाला घेतात. मी आता त्यांना थांबवते आणि रंधा फिरण्याआधी फळीवर बटर पेपर ठेवून ठसा घेते. काका म्हणतात, ‘ताई, जाळी बघा की, फळीत काय हाय!’ पण ठसा घेताना कागद ताणून धरतात तेही तेच.

युरोपातही काचेचे कारागीर एके काळी चुना फासलेल्या फळ्यांवरच पूर्ण मापाचं चित्र काढत. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या साधूनं ती रीत लिहून ठेवली आहे. स्पेनमधल्या जिरोना इथली चौदाव्या शतकातली अशी फळी टिकली. तिच्यावर शिशाच्या रेषा आणि रंगांच्या खुणा दिसतात. त्या फळीवरून आज अभ्यासकांना त्या काळचं काम कळतं. पुऱ्या कामामागचे असे हात आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या सजावटीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. १८८८ साली ती इमारत पुरी झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. आपण तिथं मान वर करून दगडातली पानं-फुलं, प्राणी-पक्षी बघतो. त्यामागं किती विद्यार्थ्यांच्या पेन्सिली झिजल्या असतील, हा विचार मी तिथून लोकल पकडताना कधीच टाळू शकलेले नाही.

९. घरातल्या जुन्या माणसांना आधी दाखवा.

भाताच्या खिडकीचा कागद घेऊन आम्ही त्या घरी गेलो. मुलगा आणि सून ‘मस्त झालंय’ म्हणून मोकळे झाले. आजींनी चष्मा मागवला, कागद दाराच्या उजेडात धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका लोंबीवर बोट ठेवलं.

‘ह्या भरल्यात. वाकल्यात बघ कशा. पर ही ताठ का गं?’

‘आजी, वरची जागा रिकामी वाटत होती, म्हणून ती उभी केली.’

‘ताठ लोंबी पोचट असती बाय. पळंज. घरात पळंज लावत्यात व्हय? तिथं पातं उभं कर, पातं उभंच ऱ्हातं.’

पोरीनं पिशवीतून खोडरबर काढला आणि ओट्यावर बसून लोंबीचं पातं केलं. मांडणी तसूभर बिघडली नाही, उलट सुधारली, कारण पात्याची सरळ रेघ वरच्या सळीला जाऊन मिळाली. मग आजींनी विचारलं, ‘इंद्रायणीच ना ही?’ इथल्या शिवारात दुसरं काय असणार! वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण आता मावळाची ओळख झाला आहे. आजींनी भाताची जात पेन्सिलीच्या रेघेवरून विचारावी, याहून मोठी पावती मी तरी ऐकलेली नाही. आणि हेच त्यांनी खिडकी बसल्यावर सांगितलं असतं, तर शिसं उकलून अख्खा भाग काढावा लागला असता.

१०. ‘छान आहे’ म्हणून थांबू नका.

काढणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. ‘ही काडी आणि हे शिसं एकच केलंस ना?’ असं विचारा. ‘इथं रेघ का तुटली?’ विचारा. न कळलेल्या जागेवर बोट ठेवा. काही वेळा तिथंच काढणाऱ्यालाही कळलेलं नसतं, आणि मग दोघं मिळून बघता येतं. नवशिक्या मुलांना तर हे फार लागतं. त्यांचं काम काचेत जायला महिने जातात, तोवर धीर टिकायचा कशावर?

११. कागद सांभाळा.

पेन्सिलीतलं ग्राफाइट उन्हानं उडत नाही, कागद मात्र पिवळा पडतो आणि मावळच्या पावसाळ्यात दमटतो. कसर लागते. रेघांवर हात फिरला तर काळं फासलं जातं. म्हणून चित्राच्या तोंडावर गुळगुळीत कोरा कागद ठेवा, गुंडाळी करण्याऐवजी सपाट ठेवा, लॅमिनेशन मुळीच करू नका, आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीनं काढणाऱ्याचं नाव, तारीख आणि खिडकीची जागा लिहा. नाव लिहायचं कित्येक कार्यशाळांत राहून जातं, आणि मग खिडकी दुकानाच्या नावानं ओळखली जाते, हाताच्या नावानं नाही. हा अन्याय एका ओळीनं टळतो.

आराखड्याची एक नक्कल मी घरमालकाला देतेच. क्रिकेटच्या चेंडूनं, गारपिटीनं, कशानं तरी पुढंमागं एखादा तुकडा फुटणारच. त्या वेळी आम्ही असू नसू, पण आकडा बघून काचेचा रंग कळतो आणि एकास दहाचं प्रमाण धरून तुकड्याचं माप काढता येतं. सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या ज्या पिशवीत ठेवता, तिथंच हा कागद ठेवा, असं मी त्या आजींना सांगितलं. त्यांनी सुनेला हाक मारून पिशवी आणवली आणि माझ्यासमोरच तो आत घातला.